थोरल्यांच्या कानातली फांदी

नारायणगाव,
१० जानेवारी २०२५

ती. दादाभाऊ यांस,
उज्ज्वलाचा सा. न.

तुमची दोन पत्रं येऊन पडली आणि मी तीन महिने उत्तर दिलं नाही, याची आधी माफी मागते. कारण शोधलं तर सापडेल, पण ते खरं असणार नाही. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांची मोजणी होती, पण ती दिवाळीआधीच संपली. तुम्ही पेठला चौतीस वर्षं टपाल वाटलंत आणि तुम्हाला स्वतःला लग्नपत्रिकांखेरीज कुणी काही पाठवलं नाही, म्हणून आता फोन उचलायचा नाही, ज्याला काम असेल त्याने लिहावं, हा तुमचा नेम मला मान्य आहे. मी डायरी रोज लिहिते. पत्राचं मात्र होतं असं की दोन ओळी झाल्या की मीच त्या पुन्हा वाचते आणि यातलं किती खरं, असं स्वतःला विचारत बसते.

तर, २९ डिसेंबरला, रविवारी, तुम्ही जुळवत आणलेल्या स्थळाची माणसं आमचं घर बघून गेली. तुमचे शेजारी चांगदेवराव, त्यांच्या मंडळी आणि त्यांच्या आत्या प्रयागबाई. तुमची कंबर धरल्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून कळवते. सगळं नीट झालं. पोहे झाले, चहा झाला, टोमॅटोचा प्लॉट, विहीर, गोठा दाखवून झाला. चांगदेवराव आदेशशी तासभर ठिबकच्या नळ्यांवर बोलले. प्रयागबाई बैठकीतल्या एका तसबिरीसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या, एवढंच.

त्याला बारा दिवस झाले. तिकडून निरोप नाही. आमचे हे म्हणतात, पौष लागलाय, पौषात कोण बोलणी करतं. मीही तसंच धरून चालले आहे, पण पूर्ण नाही.

आदेश नात्याने माझा दीर. मी या घरात आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मीच त्याला पाढे शिकवले. आता एकतिसावं चालू आहे. शेतकरी मुलगा म्हटल्यावर सहा ठिकाणांहून नकार आले. चांगदेवरावांची श्रेया मंचरला मेडिकलच्या दुकानात असते, तिथे दोघं दोनदा भेटले, आणि या वेळी नुसतं जमण्यासारखं नाही, त्याला ती आवडली आहे. काल त्याने कालवण वाढून घ्यायचं विसरून दोन भाकरी कोरड्या खाल्ल्या आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

काही कळलं असेल तर कळवावं.

आपली,
उज्ज्वला


पेठ, ता. आंबेगाव
१५ जानेवारी

चि. सौ. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

पत्र तीन दिवसांनी पोचलं. आमच्या टायमाला दुसऱ्या दिशी पोचत व्हतं. असो. तिळगूळ घे.

पौषाचं काय न्हाई. मोडल्यात जमा हाय. मी तुला कसं कळवू ह्या इचारात दोन दिवस गेले.

तुमच्या बैठकीत ती तसबीर हाय ना, हार घातलेली, कपाळाला कुंकू लावलेली, ज्या बाबाच्या कानातनं फांदी आलीय, ती प्रयागबाईनं पाह्यली. फांदीला कळंबाची पानं आन् कळंबाचं गोल फूल. तिनं इचारलं हे कोण, तर घरातनं उत्तर मिळालं की थोरले हायती. झालं. घरच्या थोरल्याच्या अंगात जे झाड, तेच घराचं देवक. आन् प्रयागबाई म्हणती, आपलं बी देवक कळंबच. म्हंजे एकदेवकी. म्हंजे आदेश आन् श्रेया भाऊबहीण लागले. लग्न व्हत न्हाई.

चांगदेव एवढं मानणारा न्हाई. पण पोरीची आई दुकानात, बाप शेतात, श्रेयाला दोन वरसाची व्हती तवापास्नं आत्यानंच वाढवलीय. तिच्या शब्दाबाहेर तो जाणार न्हाई. श्रेया आत्याशी बोलत न्हाई, दुकानातनं येती आन् आत जाऊन बसती.

ते बाबा कोण? कानातनं झाड आलं म्हंजे झाडाखाली समाधी घेतली असंल. मला तू आजपतूर बोलली न्हाईस. चेहरा लई शांत हाय म्हणत्यात. आन् तुमचं देवक नक्की काय ते एका ओळीत लिहून पाठव. दुसरं कायतरी निघालं तर मी आत्तीबाईचं तोंड बंद करतो.

दादाभाऊ


नारायणगाव,
१९ जानेवारी

ती. दादाभाऊ यांस सा. न.

तुमचं पत्र मी लायब्ररीत वाचलं आणि हसू येऊ लागलं म्हणून मागच्या कपाटांकडे गेले. तिथे गेल्यावर हसू थांबलं.

ते बाबा आमचे कुणी नाहीत. ते चिनी आहेत. म्हणजे चित्र चिनी आहे. गेल्या वर्षी नारायणगावच्या एका व्यापाऱ्याने टोमॅटो निवडायचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि ते बघायला आदेशला बरोबर चीनला नेलं. तिथे दुभाष्याची वाट बघत असताना तो चित्रांच्या दुकानात शिरला आणि हा छाप घेऊन आला. आताच्याच काळातल्या एका बाईने काढलेला आहे. नाव मला उच्चारता येत नाही, खाली लाल शिक्का आहे. मध्यम वयाचा एक माणूस, बंद गळ्याचा सदरा, चेहरा गंभीर. डाव्या डोळ्याच्या जागी छोटी खिडकी, तिच्या आत दिवा. उजव्या कानातून फांदी. डोक्यावर केसांच्या भांगात एक होडी, तिच्यात बसून कुणीतरी मासे धरतंय. आदेश म्हणाला, वहिनी, हा माणूस काहीतरी ऐकतोय असं वाटतं. मला ते आधी विचित्र वाटलं. आता रोज पुसते तेव्हा मीही क्षणभर थांबते.

त्याने ते सासऱ्यांच्या आणि आजेसासऱ्यांच्या फोटोंशेजारी लावलं, कारण खिळा तिथेच होता. दसऱ्याला सासूबाईंनी फोटोंना हार घातले, एक प्लास्टिकचा उरला, तो याला घातला. कुंकू लावताना याला एकट्याला कशाला वगळायचं, असं त्या म्हणाल्या. हाराने खिडकी आणि होडी झाकली गेली. फांदी तेवढी राहिली.

प्रयागबाईंनी विचारलं तेव्हा घाईगर्दीत घरातल्या कुणीतरी 'थोरले' म्हटलं असेल. तुम्ही त्यांना एवढं समजावून सांगा, म्हणजे प्रश्न मिटेल. मग देवकाचं विचारायचं कारणही उरत नाही.

आपली,
उज्ज्वला


पेठ
२४ जानेवारी

चि. सौ. उज्ज्वलास आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालून गेलो आन् जसंच्या तसं वाचून दाखवलं. होडीसकट. वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

प्रयागबाईनं शेवटपतूर ऐकलं. मग चांगदेवला म्हणाली, 'जे लोक पोराच्या लग्नापायी घरच्या म्हाताऱ्याला चिनी म्हणत्यात, ते उद्या आपल्या पोरीला काय म्हणतील?'

आता ह्याला मी काय उत्तर देऊ, तूच सांग. पयले निदान देवकाचं कारण व्हतं, आता तुमची माणसंच बरी न्हाईत असं झालंय. श्रेया मधी बोलली की चित्र खरंच चिनी हाय, आदेशनं फोनवर दाखवलंय. तर आत्या म्हणाली, पोरीला मोबाईलवरनं फितवलीय. चांगदेवची बायको म्हणाली, हार तर आमी डोळ्यानं पाह्यला, चिन्याला कोण हार घालतं. ह्यात तिची बी चूक न्हाई.

आन् दुसरं. 'घरातल्या कुणीतरी' असं तू लिहिलंस. प्रयागबाई म्हणती, चष्मा घातलेल्या सूनबाईनं सांगितलं, पोह्याची ताटली हातात व्हती. तुमच्या घरात चष्मा कुणाला हाय मला ठावं हाय. मी काय बोललो न्हाई. पण मी टपालवाला माणूस, पाकीट हातात घेतलं की आत किती कागद ते मला कळतं.

देवक काय ते तू अजून लिहिलं न्हाईस.

दादाभाऊ


नारायणगाव,
२९ जानेवारी

ती. दादाभाऊ यांस सा. न.

मीच म्हटलं. माझ्याशिवाय कुणीही नाही.

का म्हटलं ते मागचं पत्र टाकल्यापासून दहा दिवस डायरीत लिहून बघितलं. पहिल्या दिवशी लिहिलं, घाईत निघून गेलं. ते खोटं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, आदेश उधळ्या वाटू नये म्हणून. ते अर्धं खरं. खरं असं की प्रयागबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या मनात आलं, आता या बाईंना हे सगळं कुठून समजावू. त्यांना समजणार नाही असं मी धरलं. एक शब्द बोलले की विषय संपेल म्हणून बोलले. मी एम. ए. आहे आणि माझ्या टेबलावर 'शंका असल्यास विचारा' अशी पाटी आहे.

तुमच्या पाकिटात मी कमी कागद घातले, त्याबद्दलही माफी.

आता देवक. एका ओळीत लिहायचं म्हणून विचारायला गेले, तर घरात कुणालाच माहीत नाही. आमचे हे म्हणाले, पाचपालवी असेल, पाच झाडांच्या पानांची, सगळ्यांची तीच असते. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'फडक्यात गुंडाळून आणत्यात, म्या कधी उघडून बघितलं न्हाई.' चार लग्नं झाली या घरात आणि पुजलेली गाठोडी सगळ्यांनी बघितली, आत काय आहे ते कुणी नाही.

म्हणून रविवारी जुन्नरहून एस.टी.ने आपटाळ्याच्या पुढे आमच्या मूळ गावी गेले. तिथे गेणभाऊ गुरव आहेत, मारुतीची पूजा त्यांच्याकडे. लग्नात कुणाच्या घरी कुठली फांदी पोचवायची ते पिढ्यांपासून त्यांच्याकडेच. त्यांनी आधी विचारलं, लग्न कुणाचं. म्हटलं, अजून ठरायचं आहे. मग आत्ताच फांदी कशाला, म्हणाले. मी हकीकत सांगितली. त्यांनी चिनी माणसाबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, 'तुमचं कळंब. तुमच्या लग्नाला मीच बांधून दिली व्हती. टेम्पोवाल्यानं तिच्यावर स्टेपनी ठेवली, मला पुन्यांदा चढावं लागलं.'

दादाभाऊ, मी खोटं बोलले ते खरं निघालं.

परतीच्या गाडीत मला वाटलं की हे तुम्हाला कळवायची गरज नाही. पाचपालवी लिहून टाकावं. सगळ्यांची तीच असते. गेणभाऊ काही पेठला येणार नाहीत. आदेशचं लग्न होईल. नारायणगाव येईपर्यंत मी पत्राची वाक्यं जुळवली होती आणि ती चांगली होती, म्हणूनच भीती वाटली.

तर मी असं ठरवलं आहे. ९ फेब्रुवारीला रविवार आहे, माघ लागलेला असेल. त्या दिवशी मी चित्र घेऊन पेठला येते. चित्र चिनी आहे हे दाखवते, थोरले मी म्हटलं हे सांगते, आणि आमचं देवक खरोखर कळंबच आहे हेही सांगते. तिसरं सांगितल्यावर पहिल्या दोन्हींना काही अर्थ राहत नाही, हे मला कळतं. आदेशला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'वहिनी, तुम्ही मोडायला निघालात का जमवायला?' पण जाऊ नका, असं तो म्हणाला नाही.

तुम्ही तोवर काही बोलू नका. तुम्ही बरोबर असाल तर मला धीर येईल.

आपली,
उज्ज्वला


पेठ
३ फेब्रुवारी

चि. सौ. उज्ज्वलास आशीर्वाद. कार्ड लिहितोय, जागा कमी.

९ ला मी नसंन. ७ ला मंचरला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन, मग आठ दिस लेकीकडं. तू जा. खरं सांगायचं असंल तर चहाच्या आधी सांग. चहा पिऊन झाल्यावर सांगितलं की वाटतं, चहापुरतं थांबली व्हती. काय झालं ते मंचरच्या पत्त्यावर लिही, नात वाचून दाखवंल. मोठ्या अक्षरात लिही, ती तिसरीत हाय.

दादाभाऊ


नारायणगाव,
९ फेब्रुवारी

ती. दादाभाऊ यांस सा. न.

(बाळ, हे पत्र आजोबांना सावकाश वाचून दाखव.)

आत्ताच पेठहून आले. हातपाय धुतले आणि लिहायला बसले, कारण थांबले तर सुधारून लिहीन.

चित्र चादरीत गुंडाळून जीपने नेलं. आदेशला नेलं नाही. मंचरच्या अलीकडे जीपवाल्याने मागे एकीला बसवायला मला सरकायला सांगितलं, तेव्हा चादर सुटली. शेजारच्या बाईंनी बघितलं आणि विचारलं, कधी गेले. मी म्हटलं, हे कुणी नाहीत, चित्र आहे, चीनहून आणलंय. सगळ्या जीपला पुरेल एवढं सांगितलं. एका आजोबांनी होडीवर बोट ठेवून मासा कुठला आहे ते विचारलं. पेठ येईपर्यंत कुणालाही काही समजावणं कठीण गेलं नाही, हे मी मनात नोंदवून घेतलं.

चांगदेवरावांनी पडवीत बसवलं. त्यांच्या मंडळी चहा ठेवायला उठल्या, तर मी म्हटलं, आधी बोलते. चित्र भिंतीला टेकवून उभं केलं. हार, कुंकू घरीच काढलं होतं. प्रयागबाई जवळ आल्या, वाकल्या, खिडकीत बघितलं, होडी बघितली. खाली पेन्सिलीने ३७/२०० लिहिलेलं आहे, ते मी त्यांना दाखवलं. याचे असे दोनशे छाप काढलेत, त्यातला हा सदतिसावा, म्हटलं.

'म्हंजे दोनशे घरात हाच म्हातारा?'

'हो.'

'मग ह्याला भाऊबंद लई झाले की,' असं म्हणून त्या मागे सरल्या. चित्र चिनी आहे हे त्यांना पटलं. घरचा म्हातारा दोनशे घरांत नसतो.

मग मी थोरल्यांचं सांगितलं. ते मीच म्हटलं, आणि तुम्हाला समजणार नाही असं धरून म्हटलं, हेही सांगितलं. त्यांनी नुसता पदर सारखा केला. चांगदेवरावांना हलकं वाटलं असावं, कारण ते हसून म्हणाले, चला, म्हणजे देवकाचं मिटलं. इथे थांबता आलं असतं. स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता. तुमचं कार्ड आठवलं आणि मी सांगून टाकलं की नाही मिटलं, गुरवांकडे जाऊन आले, आमचं देवक कळंबच आहे.

दादाभाऊ, चांगदेवराव माझ्याकडे असे बघत होते की बाईला डॉक्टरकडे न्यावं की काय. आत कपबशीसुद्धा वाजेना. मला वाटलं, आदेशचं लग्न मी माझ्या तोंडाने मोडलं. परत घरी जाऊन त्याच्या ताटात काय वाढायचं, हा एवढा एकच विचार डोक्यात होता.

तेव्हा श्रेया बाहेर आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. उंच आहे, आणि महिनाभर न बोललेल्या माणसाचा आवाज जसा फाटतो तसा तिचा फाटला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. आत्याला विचारलं, 'आत्याआजी, तुझ्या लग्नात मांडवाला कसली फांदी व्हती?'

प्रयागबाई लगेच म्हणाल्या, 'कुठल्या मांडवात? हितल्या का तिकडल्या?'

आणि तिथेच थांबल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हिशेब लागत नसलेलं माणूस बोटांवर मोजतं तशी त्यांनी दोन बोटं धरली.

इथल्या मांडवात उंबर होता. त्यांच्या वडिलांनी स्वतः फांदी तोडून आणली, तिला मुंग्या होत्या, त्या हळदीच्या अंगावर चढल्या आणि नवरी मुंग्या झटकत पाटावर बसली, म्हणून सगळे हसले. हे त्यांना लख्ख आठवत होतं. कळंब तिकडचं. घोडेगावच्या बाजूला त्यांचं सासर, तिथे गेल्यापासून त्यांनी सासरचंच देवक पुजलं, पुतणीच्या, नणंदेच्या, दिरांच्या लग्नांत त्याच फांदीला पाणी घातलं. पंचवीस वर्षांपूर्वी, यजमान गेल्यावर त्या माहेरी आल्या, तेव्हा बाकी सामानाबरोबर ते देवकही आलं. इथे कुणी विचारलं नाही, त्यांनाही वेगळं वाटलं नाही.

'म्हंजे म्या ह्या घरच्या पोरीला तिकडलं देवक लावलं,' त्या म्हणाल्या.

चांगदेवराव म्हणाले, 'आत्या, मला ठावं असतं तर मी बोललो असतो.'

'तुला ठावं असायला तू कधी इचारलं का?'

यावर त्यांनी मान खाली घातली. मीही घातली, कारण तो प्रश्न मला लागू होता. श्रेया आत्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. प्रयागबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, उंबराचं पान विसरले त्याचं वाईट वाटत नाही, पण बाप ती फांदी घेऊन येताना कसा दिसत होता, ते साठ वर्षांत एकदाही आठवलं नाही.

मग चहा आला. चहा झाल्यावर त्या पुन्हा चित्राकडे गेल्या आणि पानाला नख लावून म्हणाल्या, 'आन् हे कळंब न्हाईच. कळंबाचं पान असं असतं का? कुणी सांगितलं हे कळंब म्हणून?' चांगदेवरावांच्या मंडळी कप उचलून झटकन आत गेल्या.

त्यांचं उंबर, आमचं कळंब, म्हणजे एकदेवकी नाही; गुरुवारी ते सुपारी फोडायला येतायत. आदेशला मी दारातच सांगितलं. त्याने दोन्ही हातांनी माझ्याकडून चित्र घेतलं आणि ते कुठे ठेवायचं हे न कळून तसाच अंगणात उभा राहिला. आत्ता हे लिहिते तेव्हाही तिथेच आहे, फोनवर बोलतोय, चित्र काखेत आहे.

येताना जीपमध्ये मात्र मला स्वस्थता नव्हती. सासरची फांदी कळंबाची, हे मी आपटाळ्याच्या पुढे जाऊन, दोन गाड्या बदलून शोधून आणलं. माझ्या स्वतःच्या मांडवात, म्हणजे माहेरच्या, कसली फांदी होती? तेवीस वर्षं झाली. मला आठवत नाही. आठवत नाही असंही नाही, मी बघितलंच नव्हतं. वडील गेले, आई गेली. तुम्ही मामांकडचे, तुम्हाला आमच्या घरचं ठाऊक असायचं कारण नाही. विचारायला आता एक काकू उरल्या आहेत, लंकाबाई, ओतूरला. त्यांना ऐंशीच्या वर झाली आणि मी त्यांच्याकडे दोन दिवाळ्या गेले नाही.

डोळ्याची काळजी घ्या. औषध वेळेवर घाला.

डायरीत उद्याच्या पानावर एकच काम लिहिलं आहे: ओतूरला जाऊन काकूंना विचारणे.

आपली,
उज्ज्वला